पाचवे शील : पहिल्या रात्रीपासून पाचव्या वर्षापर्यंत

(अभ्यासवर्गासाठी पाठ)

आपल्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्रिशरण-पंचशीलाने होते. पाचवे शील उच्चारण्यास काही क्षण पुरतात. परंतु ज्याच्या घरात दारू शिरली आहे, त्याला ते शील पाळण्यासाठी लागणारा काळ दिवसांत, महिन्यांत आणि वर्षांत मोजावा लागतो. या काळात त्या माणसाचे शरीर, मन, घर आणि समाजातील स्थान कसकसे बदलत जाते, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात वस्तीतील एका गृहस्थांनी व्यासपीठावर येऊन दारू सोडल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या. आम्ही हार घातला, छायाचित्रही काढले. वीस वर्षे रोज पिणारा माणूस सुधारला, म्हणून आम्हांला धन्यता वाटली आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. तिसऱ्या रात्री त्यांचे हातपाय थरथरू लागले, घामाने अंथरूण भिजले, भिंतीवर किडे चालताना दिसू लागले. घरात कोणी परके माणूस शिरले आहे असे म्हणत ते दाराकडे धावत होते. शेजाऱ्यांना वाटले, बाहेरची बाधा झाली. कोणी भगताला आणायला निघाले. सुदैवाने शेजारी परिचारिकेचे काम केलेल्या एक ताई राहत होत्या. त्यांनी ओळखले की ही बाधा नव्हे, एकाएकी दारू बंद केल्याचा हा परिणाम आहे. जीप मिळवून त्यांना रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले.

त्या रात्री जीपमध्ये त्यांच्यासोबत ताई होत्या आणि त्यांच्या पत्नी होत्या. हार घालणाऱ्यांपैकी कोणीही नव्हते. आम्ही शील दिले, पण शीलानंतरच्या दिवसांची आम्हांला काहीच माहिती नव्हती. ती माहिती सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना असावी, म्हणून हा पाठ.

शील म्हणजे शिक्षापद

पाचव्या शीलातील शब्द नीट समजून घेऊ. सुरा म्हणजे धान्य, पीठ आंबवून केलेली दारू. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून आंबवून केलेले मद्य. आपल्या डहाणू-तलासरी भागात अनेकदा ऐकू येते की, "आम्ही दारू नाही पीत, थोडी ताडी घेतो" किंवा "मोहाची घरचीच आहे, तिने काय होते?" मोहाची दारू फुलांची, म्हणजे ती मेरयात येते. ताडीही आंबल्यावर मद्यच होते. सूर्योदयापूर्वी उतरवलेली गोड नीरा आणि दुपारपर्यंत फेसाळलेली ताडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यातही विकत मिळणाऱ्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मिसळल्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आले आहेत. अशी ताडी दारूहूनही घातक ठरते.

पुढचा शब्द पमादट्ठान, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे ठिकाण. पहिली चार शीले जाणीव शाबूत असलेला माणूस पाळू शकतो. जाणीवच गेली तर बाकीची चारही धोक्यात येतात. पाचव्या शीलाचे महत्त्व हे आहे.

शेवटी शिक्षापद हा शब्द येतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे. शाळेत नाव घातल्याच्या दिवशी कोणी पदवीधर होत नाही. त्याचप्रमाणे शील घेतल्याच्या दिवशी कोणी व्यसनमुक्त होत नाही, त्या दिवशी त्याचे शिक्षण सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. ती प्रतिज्ञा संपूर्ण जीवनक्रम बदलण्याच्या योजनेचा भाग होती, हे आपण विसरू नये.

सहा हानी, आणि त्या भरून येण्याचा क्रम

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी राजगृहातील सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाच्या सहा हानी सांगितल्या आहेत. त्यांचा आशय असा : डोळ्यांदेखत धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते.

अभ्यासवर्गात या सहा हानी आपण अनेकदा वाचल्या आहेत. आता त्यांच्याकडे उलट बाजूने पाहू. माणसाने दारू सोडली की या सहाही हानी भरून येऊ लागतात, पण एकदम येत नाहीत. प्रथम शरीर सावरते. मग हातात पैसा दिसू लागतो. त्यानंतर बुद्धी व स्मरण स्थिर होते. घरातली भांडणे त्याहून उशिरा शमतात. आणि गेलेली अब्रू, गेलेला विश्वास सर्वांत शेवटी परत येतो.

हा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत तंतोतंत सारखा नसतो. पण तो ठाऊक नसल्यामुळे किती घरे हताश होतात! दारू सोडून महिना झालेला माणूस म्हणतो, "मी सोडली, तरी बायको विश्वास ठेवत नाही. मग सोडून उपयोग काय?" पत्नी म्हणते, "सोडली म्हणतात, मग चिडचिड का करतात?" दोघेही खरे बोलत असतात. फक्त चौथ्या इयत्तेचे उत्तर ते पहिल्या इयत्तेत मागत असतात.

पहिला टप्पा : पहिले आठ दिवस

या टप्प्यात प्रश्न शरीराचा असतो. अनेक वर्षे रोज दारू घेणाऱ्याच्या मेंदूला व मज्जासंस्थेला तिची सवय झालेली असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखी आकडी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो. नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते, स्थळकाळाचे भान जाते, ताप चढतो. आमच्या गृहस्थांना झाले ते हेच. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येऊ शकतो.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक सभासदाने पाठ कराव्यात :

१) रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी, घरच्या घरी दारू बंद करू नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. पूर्वी आकडी आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर रुग्णालयातच राहावे.

२) डॉक्टर या काळात थरकाप व आकडी टाळणारी औषधे मोजून देतात, तसेच थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. दारूड्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाची फार तूट असते आणि ती भरली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

३) आकडी, भ्रम, रक्ताची उलटी किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीस ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

४) चहातून किंवा भाजीतून गुपचूप पावडर देऊन दारू सोडवण्याचा उद्योग करू नये. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब घसरतो, जीव घाबरा होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

बहुतेकांचा शारीरिक त्रास आठवडाभरात ओसरतो. भूक लागू लागते. या आठ दिवसांत माणसाला उपदेश करू नये. त्याला पाणी, अन्न, औषध, झोप आणि उशाशी बसणारे माणूस हवे असते.

दुसरा टप्पा : पहिले तीन महिने

आठ दिवसांनंतर चेहरा बदलू लागतो. डोळ्यांची लाली जाते, वाढलेला रक्तदाब बहुधा काही आठवड्यांत उतरतो. यकृतात नुसती चरबी साठली असेल तर दारू पूर्ण थांबवल्यावर तीही काही आठवड्यांत कमी होऊ लागते. यकृत आकसून कठीण झाले असेल तर ते पूर्ववत होत नाही. तरीही दारू थांबवल्याने उरलेले यकृत वाचते आणि आयुष्य वाढते. म्हणून "आता सोडून काय उपयोग" हे म्हणणे कोणत्याही वयात चूक आहे.

हातात पैसाही दिसू लागतो. विद्यार्थ्यांनी हे गणित मांडून पाहावे. रोज १०० रुपयांची दारू म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,५०० रुपये. पाच वर्षांचे १,८२,५००. चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर किंवा बोटीवर रोजंदारी करणाऱ्या घरात एवढ्या रकमेत मुलांची फी, छपराचे पत्रे आणि सावकाराची सुटका होते.

पण हाच टप्पा सर्वांत फसवा आहे. दारू सोडलेल्यांपैकी पुष्कळसे जण याच महिन्यांत पुन्हा घसरतात. याची दोन कारणे परस्परविरुद्ध आहेत. काहींना फार हुरूप येतो. शरीर बरे वाटू लागताच "आता मी जिंकलो, एखादा घोट घेतला तरी काही होणार नाही" असे वाटते. काहींना उलट उदासी घेरते. रात्री झोप येत नाही, कशात रस वाटत नाही, संध्याकाळ खायला उठते. ही उदासी बऱ्याच जणांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत हलकी होते. ती तशीच राहिली किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या गृहस्थांनी सांगितलेली गोष्ट येथे उपयोगी पडेल. ते म्हणत, "कामावरून सुटल्यावर पाय आपोआप गुत्त्याच्या रस्त्याला वळत. म्हणून मी रस्ताच बदलला. अर्धा कोस जास्त चालावे लागे." हा अर्ध्या कोसाचा वळसा म्हणजेच अप्रमाद. अप्रमाद ही हवेतील गोष्ट नव्हे. पगाराचा दिवस, बाजाराचा दिवस, लग्नाचा मांडव, जुना मित्र, रिकामे पोट आणि राग, ही धोक्याची ठिकाणे आधीच ओळखून ठेवणे म्हणजे सावधपणा.

आणि तल्लफ आलीच तर? येथे धम्माचे शिक्षण थेट कामाला येते. वेदना उत्पन्न होते, वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते, आणि जे उत्पन्न होते ते नष्टही होते. तल्लफ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि ओसरते. बहुधा पंधरा मिनिटे ते अर्धा तास एवढाच तिचा जोर असतो. तेवढा वेळ पाणी प्यावे, काही खावे, जागा बदलावी, एखाद्या मित्राकडे जावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. आधुनिक मानसशास्त्रानेही तल्लफेकडे असे साक्षीभावाने पाहण्याची पद्धत उपचारात स्वीकारली आहे.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा आपला वर्षावासही तीन महिन्यांचाच असतो. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याने वैद्यकीय सल्ल्याने आषाढीस सुरुवात केली, तर त्याचा सर्वांत कठीण काळ रोजच्या ग्रंथवाचनाच्या आणि सोबतीच्या काळात जाईल. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात त्याला बसण्यासाठी एक जागा मिळेल, हा लाभ लहान नाही.

तिसरा टप्पा : तीन महिने ते एक वर्ष

वैद्यकशास्त्रातही तीन महिने आणि बारा महिने या दोन खुणा मानल्या जातात. तीन महिने लोटले की सुधारणेची सुरुवात धरतात, बारा महिने पूर्ण झाले की ती टिकाऊ झाली असे समजतात.

या काळात बुद्धी निवळते. स्मरणशक्ती, लक्ष आणि निर्णयशक्ती महिन्या-महिन्याने सुधारत जाते. परंतु बुद्धी निवळली की मागचे सर्व स्पष्ट दिसू लागते. विकलेले दागिने, मुलांना मारलेले दिवस, मेलेल्या आईच्या अंत्यविधीला प्यालेल्या अवस्थेत गेल्याची आठवण, सारे समोर येते. दारू ज्या दुःखावर पांघरूण घालत होती, ते दुःख आता उघड्यावर येते. म्हणून कित्येकांना पहिल्या महिन्यापेक्षा सहावा महिना जड जातो.

घरातही अवघड दिवस असतात. इतकी वर्षे घर पत्नीने चालवलेले असते. आता हा शुद्धीवर आलेला माणूस म्हणतो, "माझा पगार माझ्या हाती द्या, घरात माझे ऐकले पाहिजे." तिला भीती वाटते, आणि ती भीती अनुभवातून आलेली असते. मुले तर बापाच्या पावलांच्या आवाजावरून घराचे हवामान ओळखायला शिकलेली असतात. पावले सरळ पडू लागली तरी मुलांचे कान लगेच विसरत नाहीत.

या टप्प्याचा नियम एकच आहे. विश्वास मागून मिळत नाही, तो साठवावा लागतो. आमच्या गृहस्थांना पेटीची किल्ली मागता मागता दीड वर्ष गेले. एके दिवशी पत्नीने न मागता ती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाजारातून येताना तेल आणा." ते सांगतात, व्यासपीठावरच्या हारापेक्षा ती किल्ली जड होती.

घसरण झाली तर

हा भाग आम्ही मुद्दाम येथे घातला आहे, कारण या वर्षातच आमचे गृहस्थही एकदा घसरले. एका लग्नात जुन्या सोबत्याने ताडीचा पेला पुढे केला. "ताडीच तर आहे!" आठ दिवसांत ते पुन्हा गुत्त्यावर दिसू लागले. वस्तीत चर्चा झाली, "ढोंग होते सगळे." आमच्यापैकी काहींनी त्यांच्याशी बोलणे टाकले. हीच आमची दुसरी चूक.

घसरण म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. दारूची आसक्ती हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, हे जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केले आहे. मधुमेही माणसाने गोड खाल्ले तर आपण त्याला वाळीत टाकत नाही, पुन्हा पथ्यावर आणतो. तसेच येथे करावे. कोठे पाय घसरला, कोणी पेला दिला, त्या दिवशी मन कसे होते, हे शांतपणे विचारावे आणि पुढच्या वेळेसाठी त्या जागेवर खूण करून ठेवावी. मात्र पुन्हा काही दिवस भरपूर पिणे झाले असेल तर पुन्हा थांबवताना पहिल्या टप्प्यातील धोकाही पुन्हा उभा राहतो. तेव्हा डॉक्टर हवेतच.

आपण शील एकदाच घेत नाही. प्रत्येक पौर्णिमेला, प्रत्येक मंगल प्रसंगी पुन्हा घेतो. माणसाला पुन्हा उठून उभे राहता यावे, हा अर्थ त्या पुन्हा घेण्यात आहे, असे आम्हांला वाटते.

मात्र घसरणीला क्षमा करणे म्हणजे मारहाणीला क्षमा करणे नव्हे. दारूच्या नशेत पत्नीवर, मुलांवर हात उगारला जात असेल तर प्रथम त्यांचे रक्षण करावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांना आहे आणि संस्थेने त्यांच्या बाजूने उभे राहावे.

चौथा टप्पा : एक ते पाच वर्षे, आणि पुढे

वर्ष लोटल्यावर प्रश्न बदलतो. दारू कशी टाळावी हा प्रश्न मागे पडतो आणि मोकळ्या झालेल्या आयुष्यात काय भरावे हा प्रश्न पुढे येतो. जागा रिकामी ठेवली तर जुनी वस्तू परत येऊन बसते. काम, वाचन, मुलांचा अभ्यास, संस्थेची जबाबदारी, यांनी ती भरली पाहिजे. अपकीर्ती या काळात हळूहळू पुसली जाते. लोक नावामागे लावलेले विशेषण विसरू लागतात. लग्नकार्यात पुढे बसवतात, पंच म्हणून बोलावतात.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी मद्यासक्त पुरुषांचा अनेक दशके पाठपुरावा केला. सलग पाच वर्षे दारूपासून दूर राहिलेल्यांत पुन्हा घसरण क्वचितच होते, असे त्यांना आढळले. क्वचित म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. म्हणून पाच वर्षांनंतरही पहिला पेला टाळणे हेच एकमेव पथ्य राहते. परंतु रोज झगडणाऱ्या माणसाला हे ऐकून धीर येतो की, हा झगडा जन्मभर एवढ्याच जोराचा राहत नाही.

या टप्प्यावरचा माणूस दुसऱ्याचा हात धरू शकतो. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी एक दलाल आणि एक शल्यविशारद असे दोन मद्यासक्त एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. जन्मभराची शपथ न घेता फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, हा त्यांचा सोपा नियम. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथेही बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. आपल्या धम्मात यालाच कल्याणमित्र म्हणतात.

आपल्या भूमीतील एक धडा

व्यक्तीप्रमाणेच संपूर्ण समाजही दारू सोडण्याच्या टप्प्यांतून जातो. याचे उदाहरण आपल्या परिसराच्या इतिहासात आहे.

पूर्वी येथील आदिवासी बांधव मोहाची दारू व ताडी स्वतःपुरती, सणासमारंभापुरती करीत. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने ती घरगुती निर्मिती बंद केली आणि विक्रीचा मक्ता ठेकेदारांकडे दिला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. घरची वस्तू दुकानाची झाली, आणि दुकानाबरोबर उधारी आली. तेव्हा दारूड्याला केवळ त्याच्या स्वभावाचा दोष देणे इतिहासाला धरून नाही.

१९२२ साली उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतून एक लाट उठली. सलाबाई नावाच्या देवीचा हुकूम म्हणून लोक दारू-ताडी सोडू लागले, रोज आंघोळ करू लागले, घरे स्वच्छ ठेवू लागले. ही लाट डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातेतील आदिवासी भागात पसरली आणि हजारोंनी दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या देवी चळवळीचा तपशीलवार अभ्यास केला आहे. पुढे काय झाले? अंगात येणारी देवी निघून गेली, उत्साह ओसरला, आणि सुरत भागात समाजाचे दोन तट पडले. सोडलेले ते वरजेला आणि पुन्हा जुन्या चालीकडे वळलेले ते सरजेला. त्या भागात पुढे शाळा, आश्रम, परिषदा असे काम उभे राहिले आणि वरजेलांना त्याचा आधार मिळाला.

या इतिहासाकडे आम्ही श्रद्धेच्या दृष्टीने पाहत नाही. हजारो लोक एका दिवसात सोडू शकतात, पण दुसऱ्या दिवसापासूनची व्यवस्था नसेल तर सोडलेले टिकत नाही, हा धडा मात्र आम्ही त्यातून घेतो. लाटेत आणि १४ एप्रिलच्या हारात फार अंतर नाही.

आज आपली परिस्थिती आणखी बिकट आहे. तलासरीच्या सीमेला लागून १९६० पासून दारूबंदी असलेला गुजरात आहे, तर जवळच दमण आणि दादरा-नगर हवेलीत स्वस्त दारू मिळते. त्यामुळे चोरटी वाहतूक आपल्याच रस्त्यांवरून होते आणि तरुण मुले तिच्यात ओढली जातात. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा वा निर्बंध आणण्याचा अधिकार येथील ग्रामसभेला मिळू शकतो. ग्रामसभेत त्याविषयी बोलणे हेही शीलपालनच आहे.

संस्थेने काय करावे

वरील विवेचनावरून आम्ही सभासदांपुढे पुढील सूचना ठेवतो :

१) दारू सोडण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्यास प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. शील त्यानंतर.

२) प्रत्येकासाठी दोन कल्याणमित्र नेमावेत. शक्य तर त्यांपैकी एक स्वतः दारू सोडलेला असावा. पहिले आठ दिवस त्यांनी रोज भेटावे, तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे वर्षभर महिन्यातून एकदा.

३) पत्नी व मुलांसाठी महिला मंडळाने स्वतंत्र बैठक घ्यावी. त्यांचेही दुःख ऐकले गेले पाहिजे.

४) ज्याला समोरासमोर बोलण्याचा संकोच वाटतो, त्याला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा व १४४१६ हा मानसिक आरोग्याचा शासकीय मोफत दूरध्वनी क्रमांक द्यावा.

५) संस्थेच्या लग्नकार्यात ताडीसह कोणतेही मद्य असू नये. जे घसरले आहेत त्यांच्यासाठी सभागृहाचे दार उघडे असावे.

६) शील घेतल्याच्या दिवशी हार घालू नये. वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी घालावा, आणि एक हार त्याच्या पत्नीला किंवा आईलाही घालावा.

आमचे ते गृहस्थ आता पाचव्या वर्षात आहेत. संध्याकाळी विहारात सतरंज्या घालण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे. नव्याने दारू सोडलेला कोणी आला की ते त्याच्याजवळ बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काल रात्री झोप लागली का?" व्यासपीठावरून आम्हांला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

स्वाध्याय

१) शिक्षापद या शब्दाचा अर्थ सांगून पाचवे शील ही शिकण्याची पायरी कशी, ते लिहा.

२) सिगालोवाद सुत्तातील सहा हानी सांगा. दारू सोडल्यावर त्या कोणत्या क्रमाने भरून येतात?

३) पहिल्या आठ दिवसांतील धोक्याची चार लक्षणे सांगा. तुमच्या गावापासून जवळचे रुग्णालय कोणते व तेथे जाण्यास किती वेळ लागतो, ते शोधून लिहा.

४) तुमच्या वस्तीत दारू सोडलेली व्यक्ती असेल, तर तिच्या वाटेवरील धोक्याची ठिकाणे कोणती असतील? त्यांपैकी कोणते ठिकाण आपण सर्व मिळून बदलू शकतो?

जय भीम!